पंपाखालचा ओला डाग आणि सकाळी रेंगाळणारे इंजिन : जुन्या डिझेल गाडीतील परतून येणाऱ्या गळतीचा माग

जुन्या डिझेल गाडीच्या मालकाची तक्रार बहुधा दोन तुकड्यांत येते. पहिला तुकडा असा की गळती काढून घेतली, दोन-तीन आठवडे बरे गेले आणि पंपाखाली पुन्हा ओल दिसू लागली. दुसरा असा की हल्ली सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो, इंजिन लागले तरी पहिला अर्धा मिनिट ते अडखळते, आणि एकदा गरम झाले की दिवसभर काही कुरबूर नसते. मालक या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो, म्हणून त्यांवर इलाजही वेगवेगळा होतो : ओलीसाठी पाइप बदलला जातो आणि सकाळच्या त्रासासाठी बॅटरी किंवा हीटर प्लग (थंड इंजिन लागावे म्हणून सिलिंडर आतून तापवणारा प्लग). प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ अनेकदा एकाच फटीत असते. इंजिन चालू असताना त्या फटीतून डिझेल बाहेर येते आणि गाडी रात्रभर उभी असताना तिथूनच हवा आत शिरते. हवा शिरली की पंपातले आणि फिल्टरमधले डिझेल सावकाश टाकीकडे उतरते, आणि सकाळी पंपाला आधी ती पोकळी भरून काढावी लागते.

म्हणून गळती आणि इंजिनाचे वागणे यांची नोंद एकाच वहीत, एकाच पानावर ठेवावी. पुढील विवेचन प्रामुख्याने रोटरी पंप (सर्व सिलिंडरांना डिझेल वाटणारा एकच फिरता यांत्रिक पंप) असलेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या किंवा अगदी थोडे असलेल्या इंजिनांविषयी आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व सिलिंडरांना एकाच सामाईक उच्च दाबाच्या नळीतून कंट्रोल युनिटच्या हुकमाने डिझेल मिळते अशा इंजिनात, जिथे रीत बदलते, त्याचा उल्लेख स्वतंत्रपणे केला आहे.

हात लावण्यापूर्वी

डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही, त्यामुळे त्याच्या गळतीकडे लोक जरा सैलपणे पाहतात. मात्र दाबाखालच्या नळीतून धुक्यासारखे उडणारे डिझेल टर्बोच्या किंवा एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) तापलेल्या पृष्ठभागावर पडले, तर ठिणगीशिवायही भडका उडू शकतो. मॅनिफोल्डच्या बाजूला ओल दिसत असेल, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळावा.

दुसरा धोका दिसत नाही म्हणून अधिक वाईट आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) साधारण १२० ते २०० बार दाबाला उघडते. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत आणि नव्या रचनांत त्याच्याही वर जातो. एवढ्या दाबाने बारीक चिरेतून सुटलेली डिझेलची धार डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, परंतु ती कातडी भेदून बोटात शिरते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण राहते, दुखतही फारसे नाही, आणि काही तासांत आतल्या पेशी मरू लागतात. चालू इंजिनात उच्च दाबाच्या नळीवरून बोट फिरवून गळती कधीही शोधू नये. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. तरीही धार लागलीच, तर जखम किरकोळ दिसते म्हणून थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे आणि दाबाखालचे इंधन कातडीत शिरले आहे, हे तिथे स्पष्ट शब्दांत सांगावे.

थेंब पडतो तिथे गळती असेलच असे नाही

डिझेल पातळ असते, परंतु पाण्यासारखे लगेच उडून जात नाही. ते धातूवरून पसरत जाते, कापडी वेष्टनाच्या नळीत वातीसारखे शोषले जाते, वायरिंगच्या गुच्छातून वाट काढते, आणि सर्वांत खालच्या बोल्टच्या टोकाशी थेंब होऊन लटकते. पंख्याचा वारा ते आणखी मागे ढकलतो. त्यामुळे ज्या बोल्टवर थेंब दिसला तो आवळणे किंवा त्याच्या जवळचे पॅकिंग बदलणे ही दुरुस्ती नसून अंदाज असतो. परत येणाऱ्या गळत्यांतल्या निम्म्याअधिक तरी अशाच अंदाजातून परत येतात, असे मला वाटते.

माझ्या चार सिलिंडरच्या गाडीत पंपाच्या खालच्या बाजूस ओल येत असे. आधी फिल्टरपासून पंपाकडे येणारी नळी बदलली गेली, नंतर पंपाच्या वरच्या झाकणाचे पॅकिंग. दोन्ही वेळी काही दिवस जागा कोरडी राहिली, कारण काम करताना सगळे पुसून निघाले होते. तिसऱ्या खेपेला काहीही न उघडता मी आधी सगळे धुऊन काढले. अल्टरनेटर आणि विजेचे जोड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकले, तेलकटपणा काढणारे द्रावण ब्रशने लावले, पाण्याने हलकेच धुतले आणि हवेने कोरडे केले. मग पांढऱ्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापून प्रत्येक जोडाभोवती एकेक वेढा दिला व वर दोऱ्याची सैल गाठ मारली : चारही नोझलच्या रिटर्न नळ्या (उरलेले डिझेल परत नेणाऱ्या), पंपाचे दोन बँजो बोल्ट (नळी जोडणारे, मधून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट), फिल्टरचे दोन जोड. दहा मिनिटे इंजिन जागेवर चालवून बंद केले आणि बॅटरीच्या प्रकाशात पाहिले, तर सात जागा कोऱ्या होत्या आणि चौथ्या नोझलवरचा कागद एका कडेने पारदर्शक होत चालला होता.

चौथ्या नोझलला रिटर्नची दोन टोके असतात. एका टोकाला तिसऱ्याकडून येणारी नळी लागते आणि दुसऱ्यावर रबराची आंधळी टोपी बसवलेली असते, कारण त्यापुढे नळी जात नाही. त्या टोपीला बुडाशी केसाएवढी चीर होती. तिथून निघालेले डिझेल उच्च दाबाच्या नळीच्या पाठीवरून उतारावर ओघळत थेट पंपापर्यंत येई आणि पंपाखालून टपके. दोन वेळा पंप उघडला गेला तो नखाएवढ्या टोपीपायी. टोपी बदलल्यावर सकाळचा लांबलेला सेल्फही थांबला, आणि खरे तर तेव्हाच मला दोन तक्रारींमधला संबंध नीट कळला.

टिश्यू पेपर फक्त कमी दाबाच्या जोडांसाठी वापरावा, आणि फिरता पट्टा किंवा पंखा यांच्या जवळ काहीही बांधू नये. उच्च दाबाच्या नळ्यांच्या नटांवर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरावा. ओल आली की पावडर लगेच काळपट होते. गळती इतकी मंद असेल की दिवसभरात एखादाच थेंब पडतो, तर डिझेलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याने पाहणे सर्वांत खात्रीचे.

वेळेचीही नोंद घ्यावी. रबर थंडीत आकसते, म्हणून काही जोड फक्त पहाटे गळतात आणि इंजिन गरम झाले की आपोआप बंद होतात. टाकी भरल्यानंतर पहिल्या दिवसापुरताच वास येत असेल, तर इंजिनाकडे न पाहता टाकीवरील गेजच्या युनिटची रिंग किंवा भरण्याच्या नळीचा वरचा जोड तपासावा, कारण डिझेलची पातळी त्या उंचीला तेवढ्या वेळेपुरतीच पोहोचते.

कुठे कुठे पाहावे

नोझलवरच्या कापडी वेष्टनाच्या बारीक रिटर्न नळ्या हा पहिला संशयित. त्यांचे वय झाले की रबर कडक होते, वाकवले की आतून तडकते, आणि वरचे कापड डिझेल शोषून घेत असल्याने चीर डोळ्यांना दिसत नाही. एक नळी गळाली की बाकीच्यांचे वयही तेवढेच असते. म्हणून त्या एकत्रच बदलाव्यात, टोपीसह. साधी, पाण्यासाठी किंवा व्हॅक्यूमसाठी असलेली रबरी नळी इथे लावू नये. मी स्वतः एकदा घाईत साधी रबरी टोपी बसवली होती. काही महिन्यांत ती फुगून मऊ पडली आणि ओल परत आली. डिझेल सोसणाऱ्या रबराची, शक्यतो व्हायटॉन जातीची, वस्तू घ्यावी.

रबराचा प्रश्न नुसत्या वयाचा नसून इंधनाचाही आहे. जुन्या पंपांतील नायट्राइल या कृत्रिम रबराच्या ओ-रिंगा (जोड बंद करणाऱ्या गोल कड्या) डिझेलमधील अॅरोमॅटिक घटकांनी किंचित फुगून बसलेल्या असतात, आणि ते घटक कमी असलेले डिझेल आले की त्या आकसतात. १९९३ साली अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी कमी गंधकाचे डिझेल सक्तीचे झाले, तेव्हा पंपांमधून अचानक गळती सुरू झाल्याच्या तक्रारी आल्या, त्यामागे हेच कारण होते. जैवडिझेलचे मिश्रण नैसर्गिक रबराला मऊ करते आणि टाकीतला जुना चिकटा सोडवून फिल्टरमध्ये आणते. म्हणून इंधनाचा प्रकार बदलल्यानंतर गळती आणि चोंदलेला फिल्टर ही जोडी एकदमच दिसू शकते.

बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. एकदा आवळलेला वायसर दबून कडक होतो आणि दुसऱ्यांदा बसवला की धातूशी नीट मिळत नाही. मग तो गळतो, म्हणून बोल्ट आणखी आवळला जातो, आणि शेवटी पोकळ बोल्टच तुटतो. नवा वायसर घालावा हेच उत्तम. तो हाताशी नसेल, तर जुना मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा, म्हणजे तांबे पुन्हा मऊ पडते, आणि वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढून मग वापरावा. जोडांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. हे जोड आट्यांवर बंद होत नाहीत, ते वायसरवर किंवा शंकूच्या तोंडावर बंद होतात, आणि टेपचा तुटलेला धागा पुढे जाऊन पंपात किंवा नोझलमध्ये अडकतो.

उच्च दाबाच्या नळीचा नट गळत असेल, तर तो ताकदीने आवळण्याआधी नळीला धरणारे क्लॅम्प जागेवर आहेत का ते पाहावे. मागच्या कोणत्या तरी कामात ते काढलेले असतात आणि परत बसवायचे राहून गेलेले असतात, कारण त्यांच्याशिवायही गाडी चालते. मात्र आधार नसलेली नळी इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला थरथरते, नटाच्या मुळाशी तिला चीर जाते, आणि नवी नळी घातली तरी ती त्याच जागी पुन्हा फुटते. नट सोडताना पंपाकडचा धारक दुसऱ्या पान्याने स्थिर धरावा आणि जोड बसत नाही म्हणून नळी वाकवू नये.

पंपाच्याच अंगातून पाझर असेल, तर तो मुख्यतः तीन ठिकाणी असतो : वरच्या झाकणाचे पॅकिंग, अॅक्सिलरेटरच्या दांडीची ओ-रिंग आणि नळ्या निघतात त्या डोक्यामागची मोठी ओ-रिंग. यांपैकी दांडीची ओ-रिंग बदलण्यापूर्वी दांडी हाताने आडवी हलवून पाहावी. ती खुळखुळत असेल तर बुश झिजलेले आहे, आणि झिजलेल्या बुशावर नवी ओ-रिंग महिनाभरही टिकत नाही.

चासीखालची लोखंडी नळी मी शेवटी पाहत असे; आता आधी पाहतो. प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये चिखल आणि पाणी अडकून नळी नेमकी क्लिपच्या आत गंजते, बाहेरून रंग शाबूत दिसतो. क्लिप उघडून नळी सरकवल्याशिवाय ती ठीक आहे असे म्हणू नये.

गळती दिसतच नाही, पण गाडी एअर घेते

टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो. ज्या गाडीत टाकीत विजेचा पंप नाही, तिथे या भागात चालू इंजिनात दाब नसून उलट किंचित निर्वात असतो. म्हणून जोड सैल असला तरी बाहेर थेंब येत नाही, हवा आत जाते. लक्षणे ठराविक आहेत : सकाळी उशिरा लागणे, लागल्यावर रेस वरखाली होणे, चढावर पिकअप तुटणे, आणि टाकी एक चतुर्थांशाखाली आली की या सगळ्यांत भर पडणे, कारण तेव्हा ओढ वाढते.

याची खात्री करण्याचा मार्ग स्वस्त आणि स्वच्छ आहे. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये पारदर्शक, इंधन सोसणाऱ्या नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता बसवावा, एअर काढून (रीत पुढे दिली आहे) इंजिन चालू करावे आणि त्याकडे पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. सुरुवातीचे काही बुडबुडे निघून जाऊन धार अखंड झाली, तर ठीक. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहिले, तर फट त्या जागेच्या आधी, म्हणजे टाकीच्या बाजूस आहे. मग हाच तुकडा फिल्टरच्या आधी बसवावा. तिथे धार स्वच्छ आणि फिल्टरनंतर बुडबुडे असतील, तर दोष फिल्टरच्याच रिंगेत, पाणी काढण्याच्या स्क्रूत किंवा हातपंपाच्या (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलण्याच्या बटणाच्या) झिजलेल्या पडद्यात आहे. हातपंपाचा पडदा हा माझ्या अनुभवातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे : बटण दाबून पाहिले तर काम करते, आणि उभ्या गाडीत गुपचूप हवा घेते. बुडबुडे टाकीच्या बाजूने येत असतील, तर एका भांड्यात स्वच्छ डिझेल घेऊन नळी त्यात बुडवावी आणि गाडीची टाकी पूर्ण बाजूला ठेवावी. भांडे स्थिर, वाऱ्यापासून आणि गरम भागापासून दूर असावे. भांड्यावर इंजिन सुरळीत चालले, तर दोष टाकीच्या ओढनळीत किंवा चासीखालच्या नळीत राहिला.

एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहावे आणि फेस जाऊन धार घट्ट झाली की पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू बंद करावा. यांत्रिक पंपाच्या गाडीत एवढ्याने इंजिन लागले नाही, तर नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा, थेंब येऊ लागले की ते आवळावेत. कॉमन रेल गाडीत हा शेवटचा प्रकार कदापि करू नये. सेल्फही सलग १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मधे थांबावे, नाहीतर इंधनाचा दोष शोधताना सेल्फ जळतो.

अशाच लक्षणांचा एक भलताच उगम म्हणजे टाकीचा श्वास. टाकीचे झाकण उघडताना मोठा सुस्कारा ऐकू आला, तर हवा आत येण्याची वाट बंद आहे. टाकीत निर्वात वाढतो आणि पंपाला ओढता येत नाही. झाकण सैल ठेवून छोटी फेरी मारली की निकाल लागतो.

आणि चालू गाडी एकदम बंद पडून पुन्हा लागतच नसेल, तर एअर काढत बसण्याआधी चावी फिरवून पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (चावीसरशी डिझेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या झडपेचा) टक असा आवाज येतो का ते ऐकावे. आवाज नसेल, तर त्याच्या टोकाशी १२ व्होल्ट पोहोचतात का ते मोजावे. अनेकदा तिथली वायरच डिझेलने भिजून, फुगून सैल झालेली असते.

इंजिनाचे दोष, जे गळती नाहीत

इंधनाची वाट पूर्ण कोरडी व हवाबंद आहे हे ठरल्यानंतरच पुढच्या गोष्टींकडे वळावे. क्रम उलटा केला की नोझल काढली जातात, दुरुस्त होऊन येतात आणि तक्रार तशीच राहते.

धुराचा रंग बरेच सांगतो, सगळे सांगत नाही. पांढरा धूर आणि डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे न जळलेले डिझेल. हीटर प्लग, पंपाचे टायमिंग किंवा कॉम्प्रेशन यांकडे बोट जाते. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड पॅकिंगची शंका घ्यावी. निळसर धूर ऑइलचा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इथे लोक पंप कमी करायला सांगतात, परंतु आधी एअर फिल्टर, टर्बोनंतरच्या रबरी होज आणि उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) पाहावा. ईजीआरच्या आत काजळी आणि ऑइलचा लुकणासारखा थर बसतो आणि त्याची झडप पूर्ण मिटत नाही.

हीटर प्लग मल्टिमीटरने तपासता येतात. वायर काढून मोजल्यास चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास असतो आणि जळालेल्याचा अनंत दिसतो. चारपैकी एक गेला असेल, तर गाडी थंड असताना काही सेकंद तीनच सिलिंडरवर चालते. सगळे चांगले असूनही प्लगपर्यंत वीज येत नसेल, तर रिले किंवा जाड फ्यूज पाहावा.

एखादे सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका नोझलचा नट कापड गुंडाळून किंचित सैल करून पाहण्याची जुनी पद्धत आहे : ज्या सिलिंडरचा नट सैल केल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासून काम करत नव्हते. चष्मा आणि हातमोजे इथे अनिवार्य आहेत. त्यानंतर प्रश्न उरतो तो नोझलचा की कॉम्प्रेशनचा. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन साधारण २० ते ३० बारांच्या पट्ट्यात असते, त्यामुळे पेट्रोल गाडीचा गेज लावू नये. एकूण आकड्याइतकेच सिलिंडरांमधले अंतर महत्त्वाचे : तीन सिलिंडर २८ बारांवर आणि एक २१ वर असेल, तर नोझल बदलून काहीही साधणार नाही.

नोझलच्या मुळाशी चफ-चफ असा लयीत आवाज आणि भोवती डांबरासारखा काळा, कडक थर दिसत असेल, तर ती डिझेलची गळती नाही. नोझलखालचा तांब्याचा वायसर गेल्याने ज्वलनाचा वायू वर येत आहे. वरून आवळून हे थांबत नाही, कारण बैठकीवर काजळी बसलेली असते. नोझल काढून बैठक तिच्यासाठीच्या कटरने साफ करावी लागते आणि वायसर नवा घालावा लागतो. जितके लांबवावे तितके नोझल हेडमध्ये घट्ट रुतत जाते.

ऑइलची पातळी वाढू लागली तर

डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याची सगळ्यांना सवय असते. ते वाढलेले दिसले की लोकांना बरे वाटते. हीच जुन्या डिझेल इंजिनातली सर्वांत गंभीर खूण आहे. पंप फिरवणाऱ्या शाफ्टचे ऑइल सील इंजिनाच्या आतल्या बाजूस उघडत असेल, किंवा एखादे नोझल टपकत असेल, तर डिझेल बाहेर न येता ऑइलमध्ये उतरते. गळती जमिनीवर दिसत नाही, डिझेल मात्र संपते. ऑइल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात, आणि पातळी फार वाढली तर ते मिश्रण ब्रीदरमधून (इंजिनातल्या वाफा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या वाटेत) ओढले जाऊन इंजिन चावी बंद करूनही स्वतःच्या ऑइलवर पळत सुटते. अशा वेळी मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा म्हणजे इंजिन गुदमरते. इनटेकवर हात ठेवण्याचा प्रयत्न करू नये. डिपस्टिकवरचे ऑइल बोटावर घेऊन वास घ्यावा, आणि डिझेलचा स्पष्ट वास आला व पातळी चढती असली, तर कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये.

डिझेल बाहेर सांडत असले तरी नुकसान केवळ इंधनाचे नसते. पंपाखालीच टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत भिजलेला बेल्ट फुगतो आणि दात सोडतो. गळती काढताना असा बेल्ट दिसला तर त्याचे किलोमीटर मोजत न बसता तो बदलावा. इंजिनाच्या रबरी माउंटिंगांनाही हाच नियम.

कॉमन रेल गाडीत काय वेगळे

इथे कमी दाबाच्या बाजूचे सगळे वरीलप्रमाणेच आहे, पण इंजिन लागण्यासाठी सेल्फवर रेलमध्ये साधारण २०० बारांच्या आसपास दाब तयार व्हावा लागतो, आणि तो न झाल्यास कंट्रोल युनिट नोझल उघडतच नाही. स्कॅनरवर पी ००८७ हा कोड आला म्हणजे दाब कमी आहे एवढेच कळते. पंप गेला असे त्यावरून ठरत नाही. चोंदलेला फिल्टर, हवा, झिजलेले नोझल किंवा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह यांपैकी कोणीही तो कोड आणतो. यासाठी नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडाव्यात आणि ठराविक वेळ इंजिन चालवून कोणत्या बाटलीत किती डिझेल जमले ते ताडून पाहावे. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर त्या नोझलच्या पोटात गळती आहे. बाहेर थेंबही नसताना दाब तिथे वाया जातो. इंजिन बंद केल्यावरही रेल उघडण्यापूर्वी स्कॅनरवर दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. नवा फिल्टर वरून ओतलेल्या डिझेलने भरू नये, कारण मधल्या भोकातून न गाळलेला कण थेट पंपात जातो.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तारीख आणि किलोमीटर लिहावेत, आणि पुढचे तीन दिवस गाडीखाली रात्री वर्तमानपत्राचा कोरा कागद अंथरावा. डाग पडला तर त्याची जागा पुढच्या चाकाच्या संदर्भात मोजून ठेवावी. नळ्यांवरचे क्लॅम्प इंजिन दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर एकदा हलकेच तपासावेत, पण तांब्याचे वायसर पुन्हा पुन्हा आवळू नयेत. बारीक नळ्यांवर खाचा असलेले गोल क्लॅम्प रबर कापतात, तिथे सपाट पट्टीचे इंधन नळीसाठीचे क्लॅम्प लावावेत.

एवढे करूनही पाझर पंपाच्या अंगातूनच येत आहे हे टिश्यूने सिद्ध झाले, तर पंप घरी उघडू नये; चाचणी यंत्र असलेल्या पंप दुरुस्तीच्या ठिकाणी द्यावा. काढण्यापूर्वी पंपाच्या कड्यावर आणि इंजिनाच्या पत्र्यावर एकच सरळ खूण कोरावी, नळ्यांना क्रमांक बांधावेत, उघडी तोंडे लगेच टोप्यांनी बंद करावीत, आणि पंपासोबत आपल्या वहीचे ते पानही द्यावे, म्हणजे समोरच्याला गळती केव्हा, थंड की गरम, आणि कोणत्या जोडाशी दिसली हे पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.